बर्फातल्या गॉगलची काच: कुठल्या उजेडाला कुठला रंग? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर सरत आला की आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर गुलमर्गची तिकिटं, थर्मलचे फोटो आणि गॉगलच्या लिंका यांचा नुसता पाऊस पडतो. लिंक पाठवणाऱ्याचा प्रश्न ठरलेला: "हा घेऊ का?" आणि फोटोतला गॉगलही ठरलेला, काळाकुट्ट, वरून निळा नाहीतर सोनेरी आरसा. मीही पहिल्या वेळी तसलाच घेतला होता. तो कसा अंगाशी आला ते पुढे येईलच. दर वर्षी तेच तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून सगळे प्रश्न एकदाच इथे मांडले आहेत. उत्तरं लिहिताना डोळ्यांपुढे गुलमर्गचं स्कीइंग आहे, पण औलीला किंवा सोलंगला जाणाऱ्यांनाही ती चालतील.

दुकानात दहा रंग मांडलेले असतात. आधी काय बघू?

आकडा बघा. काचेतून किती टक्के दृश्य प्रकाश आत येतो तो आकडा. त्याला व्हीएलटी म्हणतात. ८५ असेल तर काच जवळजवळ पारदर्शक, १० असेल तर चांगलीच गडद. (गॉगलची 'काच' खरं तर पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची असते, पण आपण सगळे काचच म्हणतो, मीही तेच म्हणणार.)

कंपनीने आकडा दिला नसेल तर एस० ते एस४ असा वर्ग लिहिलेला असतो. कधी फ्रेमवर, कधी पट्ट्याच्या आत, कधी खोक्यावर. एस० म्हणजे ८० टक्क्यांच्या वर, एस१ म्हणजे ४३ ते ८०, एस२ म्हणजे १८ ते ४३, एस३ म्हणजे ८ ते १८ आणि एस४ म्हणजे ३ ते ८. यातली एस२ची पट्टी भलतीच रुंद आहे. १९ टक्क्यांची काच आणि ४२ टक्क्यांची काच दोन्ही कागदावर एस२, पण ढगाळ दिवशी उतारावर दोघींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून नुसता वर्ग दिसला तर दुकानदाराला टक्केवारी विचारा. सांगता आली नाही तर काच डोळ्याला लावून दुकानाच्या बाहेर बघा आणि आत बघा. आतला ट्यूबलाइटच्या उजेडातला कोपरा ज्या काचेतून नीट दिसत नाही, ती काच ढगाळ दिवसाची नाही.

वरचा आरसा निळा आहे. म्हणजे काच निळी का?

नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. आरसा हा बाहेरून चढवलेला मुलामा. तो थोडा प्रकाश परतवतो, त्यामुळे काच थोडी गडद होते आणि फोटोत तुम्ही झकास दिसता. तुमच्या डोळ्याला जो रंग दिसतो तो काचेच्या पोटातला. गॉगल घालून एखाद्या पांढऱ्या भिंतीकडे बघा, की तो कळतो. बाहेरून जुळे वाटणारे दोन निळे गॉगल माझ्याकडे आहेत. एकातून भिंत गुलाबी दिसते, दुसऱ्यातून राखाडी. बर्फावर त्यांचं काम अगदी वेगळं आहे. ऑनलाइन घेत असाल तर वर्णनात आतल्या काचेचा रंग दिलाय का ते शोधा. तिथे नुसता आरशाचाच रंग असेल तर मी तरी ती लिंक बंद करते.

काच जितकी काळी तितकं डोळ्यांना संरक्षण जास्त, हे खरं ना?

हा समज मुळापासून चुकीचा. अतिनील किरण अडवणं आणि उजेड कमी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पॉलिकार्बोनेट स्वतःच बहुतेक सगळे अतिनील किरण अडवतं, म्हणून चांगल्या गॉगलची बिनरंगाची काचही त्या बाबतीत काळ्या काचेइतकीच भक्कम असते. उलट अतिनील न अडवणारी नुसती काळी काच उघड्या डोळ्यांपेक्षा वाईट, कारण अंधार वाटून बाहुली मोठी होते आणि नको ते किरण जास्त आत शिरतात. खोक्यावर 'यूव्ही ४००' किंवा '१०० टक्के यूव्ही संरक्षण' लिहिलेलं असावं (यूव्ही म्हणजेच अतिनील).

बर्फावर हे एवढं महत्त्वाचं का? समुद्रसपाटीपासून दर १,००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात. गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवाट शिखराच्या खांद्यावर जवळपास ४,००० मीटरवर नेऊन सोडतो. त्यात ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत वर फेकतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या कोरड्या वाळूत हेच प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे ऊन वरून लागतं तसं खालूनही लागतं. टोपीची झालर इथे उपयोगाची नाही.

ढगाळ दिवशी गॉगल डोक्यावर चढवून ठेवला तर?

नको. पातळ ढगांतून अतिनील किरणं बिनदिक्कत येतात. ऊन दिसत नाही म्हणून ते नाही असं होत नाही. गॉगल काढल्याची किंमत काय, ते बघा. १९२४ सालच्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत एडवर्ड नॉर्टन कृत्रिम प्राणवायूशिवाय साडेआठ हजार मीटरच्या वर पोचला. खडकावर पाय कुठे टाकतोय ते नीट दिसावं म्हणून त्याने गॉगल काढून टाकला होता. बर्फ पायाखाली नव्हता, आजूबाजूला होता. त्या रात्री छावणीत परतल्यावर त्याची दृष्टी गेली आणि परत यायला काही दिवस लागले. आपण अफरवाटपर्यंतच जातो, पण नियम तोच.

ढगाळ दिवशी डोक्यावर चढवलेल्या गॉगलचं आणखी एक होतं. कपाळाच्या घामाची वाफ आत जमते आणि खाली ओढलात की काही दिसत नाही.

'फ्लॅट लाइट' म्हणजे नेमकं काय? सगळे त्याचीच भीती घालतात.

माझा स्कीइंगचा पहिलाच कोर्स, तिसरा दिवस. दोन दिवस कडक ऊन होतं आणि माझा काळा गॉगल मिरवत होता. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. नर्सरीचा, म्हणजे नवशिक्यांचा, उतार तोच, पण त्यावरचे उंचवटे, आधीच्यांच्या स्कीच्या चरा, सगळं कुणीतरी पुसून टाकल्यासारखं झालं. मी वळण घेऊन थांबले. निदान मला तसं वाटलं. मागच्या मैत्रिणीला हाक मारायला म्हणून मान वळवली, तर इन्स्ट्रक्टर ओरडताहेत, "मॅडम, रुको!" मी थांबलेच नव्हते. स्की हळूहळू घसरत होत्या आणि नजरेला पकडायला काहीच नसल्यामुळे मला ते कळतच नव्हतं. दुसऱ्या क्षणी मी बसकण मारली. लागलं काही नाही, पण बर्फात बसल्याबसल्या गॉगल वर करून बघितलं तर तोच उतार दुप्पट स्पष्ट दिसला. मग कळलं, अर्धा दोष आभाळाचा होता आणि अर्धा माझ्या काचेचा.

कारण असं की उन्हात प्रत्येक उंचवट्याची सावली पडते, आणि आपण बर्फाचा आकार त्या सावल्यांवरूनच वाचतो. ढगांचं पांघरूण आलं की उजेड एका दिशेने न येता सगळीकडून सारखा झिरपतो. सावलीच पडत नाही. वर पांढरं, खाली पांढरं, मध्ये आपण. आपल्याकडे जुलैत हरिश्चंद्रगडावर धुकं दाटतं तेव्हा लांबचं दिसत नाही, पण पायाखालची वाट, चिखल, गवत तरी दिसतं. इथे पायाखालचाच कागद कोरा होतो.

मग अशा उजेडाला कुठला रंग?

गुलाबी, नाहीतर फिकट केशरी-अंबर, नाहीतर पिवळा. आणि व्हीएलटी ४० ते ६०च्या आसपास. दोन्ही अटी एकत्र हव्यात. गुलाबी पोटाची पण १५ टक्क्यांची काच या दिवशी काळ्या काचेची सख्खी बहीणच.

हे रंग करतात काय, तर निळा उजेड कापतात. बर्फावरची सावली नीट बघा, ती निळसर असते, कारण तिथे सूर्याचा उजेड पोचत नाही, फक्त आकाशाचा पोचतो. निळा कापला की सावली आणखी गडद होते आणि उंचवटा उठून दिसतो. शिवाय निळा प्रकाश डोळ्याच्या पडद्याच्या किंचित अलीकडे एकवटतो, म्हणून तो वजा झाला की चित्र जरा रेखीव वाटतं.

आता एक गोष्ट जी विक्रेते सांगत नाहीत. वर लिहिलेलं सगळं चालतं ते सावली थोडी तरी असेल तोवर. ढग विरळ आहेत, मधूनच सूर्याची चकती दिसतेय, झाडांच्या रेषेत आहात, अशा वेळी गुलाबी काच खरोखर चमत्कार वाटते. पण ढगात पूर्ण बुडालात, दुधाच्या पातेल्यात पडल्यासारखं झालं, तर कुठलीच काच नसलेली सावली निर्माण करू शकत नाही. पिवळ्या काचेतून जग उजळ वाटतं, पण काच उजेड वाढवत नसते, वजाच करत असते. अशा दिवशी खरा उपाय वेगळा: वरच्या मोकळ्या उतारावर जाऊच नका. खाली देवदार-फरच्या झाडांजवळ स्की करा. काळे बुंधे दिसतात, त्यांच्या आधाराने उतार कळतो.

पिवळा की गुलाबी? मला पिवळ्याने तासाभरात डोकं जड होतं. माझ्या भावाला गुलाबीत सगळं जग स्ट्रॉबेरी मिल्कशेकमध्ये बुडवल्यासारखं वाटतं. दोन्ही लावून बघा, इथे आवडीला जागा आहे.

लख्ख उन्हाला कुठला?

राखाडी, तपकिरी, तांबूस किंवा हिरवट. व्हीएलटी ८ ते १८, म्हणजे एस३. राखाडीत रंग जसेच्या तसे दिसतात, तपकिरी आणि तांबूसमध्ये बर्फाचा पोत जरा उठून दिसतो. मला विचाराल तर तांबूस. रंग खरे दिसून उतारावर काय करायचंय?

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. गॉगलविषयीचा बहुतेक सल्ला आल्प्स किंवा अमेरिकेतून आलेला असतो. गुलमर्ग ३४ अंश अक्षांशावर आहे, आल्प्स ४६च्या आसपास. जानेवारीच्या मध्याला भर दुपारी गुलमर्गला सूर्य क्षितिजापासून साधारण ३५ अंश वर असतो, आल्प्समध्ये २३. फेब्रुवारीअखेर तो आपल्याकडे ४५च्या पुढे जातो. म्हणजे निरभ्र दिवशी आपलं ऊन त्यांच्यापेक्षा उभं आणि तिखट. तिथल्या लोकांनी 'सगळ्याला चालते' म्हणून सुचवलेली ३५ टक्क्यांची काच फेब्रुवारीतल्या उन्हात अफरवाटवर डोळे बारीक करायला लावते.

एस४ मात्र स्कीइंगसाठी घेऊ नका. ती हिमनदीवर, मोठ्या उंचीवर, तासन् तास उन्हात चालणाऱ्या गिर्यारोहकांसाठी. ती घालून गाडी चालवायला मनाई आहे, तेव्हा परतीच्या रस्त्यावर स्टिअरिंगवर बसणाऱ्याने तर हे लक्षात ठेवायलाच हवं.

एकच काच घ्यायचं बजेट आहे. कुठली घेऊ?

२० ते ३० टक्के, पोटात गुलाबी किंवा तांबूस, वर हलका आरसा. ही उन्हात थोडी कमी पडेल, ढगात थोडी कमी पडेल, पण दोन्हीकडे निभावेल.

आणि २० आणि ३० यात घुटमळत असाल तर उजळ घ्या. काच हवी त्यापेक्षा उजळ असली तर तुम्ही डोळे बारीक कराल, दमाल, संध्याकाळी डोकं दुखेल. काच हवी त्यापेक्षा काळी असली तर खड्डा दिसणार नाही. डोकं दुखलं तर गोळी आहे. गुडघा फिरला तर पुढचे सहा महिने ऑफिसला रिक्षाने.

बजेट थोडं सैल असेल तर काच बदलता येणारा गॉगल घ्या आणि दोन काचा ठेवा: एक १२-१५ची उन्हासाठी, एक ५०च्या आसपासची ढगासाठी. सुटी काच अनेकदा अख्ख्या गॉगलच्या निम्म्या किमतीला पडते, म्हणून खोक्यातच दुसरी काच येणारं मॉडेल शोधा. तिसरी काच घेणाऱ्यांना माझा नमस्कार.

गुलमर्गच्या एका दिवसात उजेड किती बदलतो?

हिवाळ्यात तिथलं हवामान पश्चिमी प्रक्षोभांच्या, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेच्या, हाती. एखादा आला की दोन-तीन दिवस ढग आणि बर्फवृष्टी, तो सरकला की काचेसारखं निळं आकाश. पण एकाच दिवसातही बरंच होतं. सकाळी खालच्या मैदानात, २,६५० मीटरवर, सूर्य अजून कड्याआड असतो, सगळं निळसर आणि मंद. कोंगदुरीला, पहिल्या टप्प्याच्या वर, पोचेपर्यंत ऊन अंगावर येतं. त्याच्या वर झाडं विरळ होत संपतात आणि भांड्यासारखा उघडा उतार सुरू होतो. तिथे ऊन चहूबाजूंनी. दुपारी माथ्यावर ढग टेकला की दहा मिनिटांत सगळं सपाट. आणि उतरताना पुन्हा झाडांत शिरलात की ऊन-सावलीचे पट्टे. काळी काच तिथे प्रत्येक सावलीत क्षणभर आंधळं करते.

म्हणून दुसरी काच हॉटेलच्या बॅगेत ठेवून उपयोग नाही. ती जॅकेटच्या आतल्या खिशात, कापडी पिशवीत घालून ठेवा. आणि ती शक्यतो गोंडोलाच्या केबिनमध्ये किंवा स्टेशनच्या आडोशाला बदला, भुरभुरत्या बर्फात नको. एक कण आत अडकला की दिवसभर तो वितळतो आणि तुम्ही चरफडता.

चुंबकाने बसणारी काच चांगली की खाचेत दाबून बसवायची?

हातमोजे न काढता बदलायची तर चुंबकाला तोड नाही. पण जोरात आपटलात तर ती सुटून उडू शकते, आणि पांढऱ्या बर्फात गुलाबी काच शोधणं फार करमणुकीचं नसतं. चुंबकासोबत एखादी खटकी असलेलं मॉडेल असेल तर ते घ्या.

उन्हात आपोआप गडद होणारी फोटोक्रोमिक काच घेतली की प्रश्नच मिटला ना?

बराचसा मिटतो. पण ती अतिनील किरणांनी गडद होते आणि थंडीत तिचा स्वभाव बदलतो: जास्त गडद होते आणि परत उजळायला वेळ लावते. म्हणजे उन्हातून झाडांच्या सावलीत शिरलात तर ती काही मिनिटं काळीच राहते. शिवाय ढगाळ दिवशीही अतिनील भरपूर असतं, त्यामुळे तुम्हाला हवी तेवढी उजळ ती राहीलच असं नाही. हळूहळू चालणाऱ्याला, बर्फात ट्रेक करणाऱ्याला उत्तम. झाडांतून वेगात उतरणाऱ्याला मी सुचवणार नाही.

पोलराइज्ड, म्हणजे परावर्तित उजेडाची चमक गाळणारी काच, घेऊ का?

पाण्यावर जितका फरक पडतो तितका ताज्या बर्फावर पडत नाही, कारण बर्फाचे कण उजेड सगळीकडे विखुरतात. जिथे फरक पडतो तिथे तो नको तसा पडतो. घट्ट, गोठलेल्या बर्फाची चमक नाहीशी होते, आणि ती चमक म्हणजेच "इथे जपून" ही सूचना असते. शिवाय काही मोबाइलचे पडदे अशा काचेतून काळे दिसतात. मनालीहून वर गाडीने जाताना मात्र छान.

प्रिझम, क्रोमापॉप, व्हिव्हिड ही काय भानगड आहे?

ओकलीचं प्रिझम, स्मिथचं क्रोमापॉप, जिरोचं व्हिव्हिड ही रंग गाळण्याच्या तंत्राची व्यापारी नावं. साधी रंगीत काच रंगांचा एखादा मोठा भाग सरसकट दाबते, या काचा ठरावीक रंगांच्या अरुंद पट्ट्या निवडून दाबतात, म्हणून पोत जरा उठावदार दिसतो. फरक जाणवतो, मी नाकारत नाही. पण नावाला भुलू नका. प्रत्येक नावाखाली चांगल्याच गडदपासून फिकटपर्यंत अनेक काचा आहेत. महागडी पण चुकीच्या आकड्याची काच साध्या पण बरोबर आकड्याच्या काचेपुढे हरते.

मला चष्मा आहे.

'ओटीजी', म्हणजे चष्म्यावर बसणारा गॉगल घ्या. त्याच्या फ्रेमला दांड्यांसाठी खाच असते. घेताना स्वतःचा चष्मा घालून बघा, नाकावर दाब आला तर सोडून द्या. अडचण वाफेची: गॉगलच्या काचेवर वाफ-रोधक थर असतो, तुमच्या चष्म्यावर नसतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर रोज फेकून द्यायच्या लेन्स हा सगळ्यात सुटसुटीत मार्ग. आणि नंबरचा चष्मा फोटोक्रोमिक असेल तर फारसं बिघडत नाही, कारण गॉगल अतिनील अडवतो आणि आतला चष्मा उजळच राहतो.

काचेवर वाफ धरते. रंगाचा त्याच्याशी संबंध आहे का?

नाही, पण वाफ धरलेली सर्वोत्तम काच म्हणजे बाथरूमची खिडकी, म्हणून सांगते. दोन पदरी काच घ्या, मध्ये हवा राहते. तोंडावरचा बफ (गळ्यात घालायचं नळीसारखं कापड) गॉगलच्या खाली खोचू नका, श्वास सरळ आत जातो. आणि आतली बाजू ओली असताना पुसू नका, हातमोज्याने तर नाहीच. तो वाफ-रोधक थर ओला असताना मऊ असतो. मी पहिल्या वर्षी मोज्याच्या अंगठ्याने एकदाच फिरवलं होतं, त्या उभ्या ओरखड्यातून आजही ऊन फाटून दिसतं. पाणी झटका, उबदार जागी आपोआप वाळू द्या. हीटरवर ठेवू नका, पदर सुटतात.

केदारकांठासारख्या हिवाळी ट्रेकला स्की गॉगल न्यायचा का?

बहुतेकांना गरज नसते. चढताना अंगातून वाफा निघतात, बंद गॉगल दहा मिनिटांत धुरकट होतो. बाजू झाकणारा, एस३ वर्गाचा, अतिनील अडवणारा साधा गॉगल चढायला योग्य. माथ्यावर पोचायची चाल पहाटे अंधारात सुरू होते, तेव्हा काहीच लागत नाही. सूर्य उगवला की मात्र लगेच घाला, "फोटो काढून झाला की घालते" असं करू नका. वारा सुटून बर्फाचे कण तोंडावर येणार असतील तर जोडीला एक उजळ, ४० टक्क्यांच्या पुढचा स्की गॉगल सॅकमध्ये असावा.

मुलांसाठी?

मोठ्यांपेक्षा जास्त काळजीने घ्या. लहान मुलांच्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग जास्त अतिनील आत सोडतं, आणि त्यांचा चेहरा बर्फाच्या जास्त जवळ असतो. काच एस२, रंग गुलाबी किंवा तांबूस. खेळण्याच्या दुकानातला गॉगल नको. फ्रेम छोट्या चेहऱ्याचीच हवी, मोठ्यांची पट्टा आवळून घातली तर गालाशी फट राहते.

आम्ही परदेशात आहोत. आम्हालाही हेच लागू?

तत्त्व तेच, उजेड वेगळा. बे एरियातून टाहोला जाणाऱ्यांना उन्हाचे दिवस भरपूर मिळतात, तिथे गडद काच वसूल होते. सिअ‍ॅटलवाल्यांच्या स्नोक्वाल्मीला ढग आणि दिव्यांच्या उजेडातलं संध्याकाळचं स्कीइंग, दोन्ही. तिथे आधी उजळ काच घ्या. दिव्याखाली पूर्ण पारदर्शक किंवा अगदी फिकट पिवळी, ७० टक्क्यांच्या पुढची. दुबईच्या मॉलमधल्या बर्फात ऊनच नाही, तिथे पारदर्शक काच वाऱ्यापुरती. तिथेही लोक सोनेरी आरसे लावून फिरतात, तो प्रश्न फोटोचा आहे.

तिथे भाड्याने मिळतो तो चालेल का?

अडीअडचणीला. मला एकदा मिळाला त्याचा वाफ-रोधक थर केव्हाच गेलेला होता आणि काच मधोमध इतकी खरवडलेली की उन्हात समोर धुकं आणि ढगात समोर भिंत. स्की, बूट, काठ्या खुशाल भाड्याने घ्या. गॉगल आणि हातमोजे स्वतःचे न्या.

काळजी घेऊनही डोळ्यांना बर्फावरचं ऊन लागलंच तर कसं ओळखायचं?

लगेच कळत नाही, हीच त्यातली मेख. सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी वाहतं, दिव्याकडे बघवत नाही. आमच्या ग्रुपमधला एक जण दिवसभर गॉगल डोक्यावर घेऊन फिरला होता. रात्री दोनला तंबूत उठून बसला आणि म्हणाला, "कुणी मिरचीचा हात लावला का माझ्या डोळ्यांना?"

डोळे चोळू नका. लेन्स असतील तर काढा. अंधारात राहा, गार पाण्याची घडी ठेवा, डोळे ओले ठेवणारे साधे थेंब असतील तर घाला. बधिर करणारे थेंब कुणी दिले तरी स्वतःच्या मनाने घालू नका, त्याने बरं होणं लांबतं. साधारण एक ते तीन दिवसांत उतरतं. दुखणं वाढलं, एकाच डोळ्यात राहिलं किंवा अंधुकपणा गेला नाही तर डॉक्टरला दाखवा. आमचा गडी दुसऱ्या दिवशी दोघांच्या खांद्यांवर हात टाकून खाली उतरला, डोळ्यांवर ओढणी बांधून. ओढणी माझी होती, ती अजून परत आलेली नाही.